नव्वद मिनिटे, तीन प्रश्न आणि दोनशे दहाची रेषा : इंदूरमधील एका भरतीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण इंदूरमधील एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीचे आहे. वाहतूकदार, सोयाबीनचे व्यापारी आणि गोदामवाले यांच्यासाठी बिलिंग व माल-रवानगीची प्रणाली तयार करणे हा तिचा व्यवसाय. कार्यालय विजयनगर भागात आहे. मालक आणि बरीचशी जुनी मंडळी शहरातल्या मराठी घरांतली असल्यामुळे कामकाज मराठीत सुरू होते, हिंदीत रंगते आणि ईमेलपुरते इंग्रजीत जाते. बॅकएंड, म्हणजे प्रणालीची पडद्यामागची बाजू लिहिणाऱ्या, प्रोग्रामरच्या दोन जागांसाठी झालेल्या भरतीची कागदपत्रे व चाचणीच्या नोंदी तपासण्यासाठी मला बाहेरून बोलावण्यात आले होते. ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांच्या संमतीने, परंतु नावे व ओळख पटेल असे तपशील वगळून, हे टिपण लिहिले आहे.

दोन जागांसाठी तीनशेहून अधिक अर्ज आले होते. एवढ्या सगळ्यांच्या मुलाखती घेणे शक्य नसते, हे कोणीही मान्य करील. कंपनीने म्हणून एका चाचणी-पोर्टलवरून सर्वांना नव्वद मिनिटांची चाचणी पाठवली. प्रश्न तीन, प्रत्येकी शंभर गुण. कोड ब्राउझरमध्येच लिहायचा, वेबकॅम चालू ठेवायचा, आणि खिडकी सोडून दुसरीकडे गेल्यास त्याची नोंद होणार. उत्तर बरोबर की चूक हे माणूस ठरवीत नाही. पोर्टल लपवून ठेवलेल्या टेस्ट केसेसवर, म्हणजे नमुन्याची माहिती आणि तिचे अपेक्षित उत्तर यांच्या जोड्यांवर, कोड चालवून पाहते आणि जितक्या केसेस पार पडतील तितके गुण देते. दोनशे दहा किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या अठरा जणांना मुलाखतीचे निमंत्रण गेले. उरलेल्यांना त्याच संध्याकाळी पोर्टलने नम्र शब्दांत नकार कळवला.

नकार मिळालेल्यांपैकी एका बाईंनी त्या ईमेलला उत्तर पाठवले आणि तेथून हे प्रकरण सुरू झाले. पुण्यात नऊ वर्षे नोकरी करून त्या इंदूरला परतल्या होत्या. पुनर्विचाराची विनंती त्यांनी कोठेही केली नव्हती. "आपल्या तिसऱ्या प्रश्नाची अपेक्षित उत्तरे चुकीची आहेत, ती तपासून घ्यावीत, म्हणजे पुढच्या उमेदवारांचे नुकसान होणार नाही," एवढाच मजकूर आणि खाली एक हिशेब होता.

तो हिशेब पाहण्यासारखा आहे. प्रश्न असा होता की, बिलातील ओळी दिल्या असता अठरा टक्के जीएसटी धरून कराची एकूण रक्कम पैशापर्यंत अचूक काढावी. विक्री राज्यांतर्गत आहे. राज्यांतर्गत विक्रीवर केंद्राचा नऊ टक्के आणि राज्याचा नऊ टक्के असे दोन वेगळे कर लागतात आणि बिलावर ते वेगळे दाखवले जातात. आता १०० रुपये ५ पैशांची एक ओळ घ्या. नऊ टक्क्यांनी ९.००४५ रुपये येतात, म्हणजे पैशापर्यंत पूर्णांकित करून ९.००, दोन्ही कर मिळून १८.००. तीच रक्कम सरळ अठरा टक्क्यांनी काढली तर १८.००९ येते आणि पूर्णांकित करून १८.०१ होते. फरक एका पैशाचा. प्रश्न तयार करणाऱ्याने दुसरी रीत धरली होती, बाईंनी पहिली. आपण कोणती रीत का धरली, हे त्यांनी कोडच्या वर टिपणीत दोन ओळींत लिहिलेही होते; परंतु पोर्टल टिपण्या वाचत नाही. बारापैकी तीन टेस्ट केसेस नापास झाल्या. ज्या कंपनीचा धंदाच बिले तयार करण्याचा आहे, तिच्या चाचणीत बिलाची बरोबर रीत चूक ठरली होती.

या भरतीची जबाबदारी ज्या तंत्र-प्रमुख बाईंकडे होती त्यांनी चूक त्याच दिवशी मान्य केली, प्रश्न दुरुस्त केला आणि सर्वांचे गुण पुन्हा काढले. तेवढ्यावर हे प्रकरण मिटले असते. पण दुरुस्तीनंतर तक्रारदार बाईंचे गुण एकशे पंचाहत्तरवरून दोनशे झाले आणि रेषा दोनशे दहाची होती. म्हणजे कंपनीची चूक काढून टाकली तरी त्या बाहेरच राहत होत्या. मग त्या कशामुळे बाहेर राहिल्या, हा प्रश्न तंत्र-प्रमुखांना स्वस्थ बसू देईना, आणि मला बोलावण्यात आले ते त्यासाठी.

चाचणीच्या पोर्टलवर प्रत्येक उमेदवाराने कोणती कळ केव्हा दाबली याची नोंद राहते आणि ती व्हिडिओसारखी पुन्हा पाहता येते. मी तक्रारदार बाईंची आणि सर्वाधिक गुण मिळवलेल्या तरुणाची नोंद शेजारी शेजारी लावून पाहिली.

पहिला प्रश्न असा होता : रोजच्या जमा-खर्चाचे दोन लाखांपर्यंत आकडे दिले आहेत, त्यांत धन व ऋण दोन्ही आहेत, सलग दिवसांचे असे किती टप्पे निघतात की ज्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होते? मनात येणारी पहिली रीत म्हणजे प्रत्येक दिवसापासून सुरुवात करून पुढचा प्रत्येक टप्पा तपासणे. दोन लाख दिवसांसाठी असे सुमारे दोन हजार कोटी टप्पे होतात आणि पोर्टलने दिलेल्या काही सेकंदांत ते तपासून होत नाहीत. दुसरी रीत आहे ती चालत्या बेरजेची. प्रत्येक दिवसापर्यंतची एकूण बेरीज ठेवत जायची आणि "आताच्या बेरजेतून अपेक्षित संख्या वजा केली तर जी बेरीज येते ती पूर्वी किती वेळा आली होती" हे डिक्शनरीत, म्हणजे आलेल्या बेरजा व त्यांची संख्या साठवणाऱ्या तक्त्यात, पाहायचे. आकडे ३, वजा ३ आणि ४ असतील आणि अपेक्षित बेरीज ४ असेल, तर चालत्या बेरजा ०, ३, ०, ४ अशा होतात. शेवटी ४ मधून ४ गेले की ० उरतो, आणि ० पूर्वी दोनदा आलेला आहे, म्हणून उत्तर दोन. एकदा पाहिलेल्या माणसाला ही युक्ती पाच मिनिटांत लिहिता येते. न पाहिलेल्याला ती नव्वद मिनिटांत सुचेल किंवा सुचणारही नाही, आणि न सुचण्यावरून त्याच्या रोजच्या कामाविषयी फारसे काही कळत नाही.

तरुणाने हा प्रश्न चार मिनिटांच्या आत सोडवला. नोंदीत कोठे थांबणे नाही, खोडणे नाही; चलांची नावेसुद्धा सरावाच्या संकेतस्थळांवर जशी असतात तशीच एकाक्षरी. यात गैर काही नव्हते. भंवरकुआ भागातल्या क्लासमध्ये आणि नंतर घरी त्याने अशा प्रश्नांचा कित्येक महिने प्रामाणिक सराव केला होता आणि विचारले तेव्हा त्याने ते मोकळेपणाने सांगितले. बाईंनी अकरा मिनिटे प्रश्न वाचला, सरळ रीत लिहिली, दहापैकी लहान आकड्यांच्या चार केसेस पार झाल्या आणि बाकीच्यांवर वेळमर्यादा ओलांडल्याचा शेरा आला. पुढची पंचवीस मिनिटे त्या धन आकड्यांना लागू पडणारी सरकत्या खिडकीची रीत (बेरीज जास्त झाली की मागचे दिवस सोडत पुढे सरकण्याची) ऋण आकड्यांना लावण्याचा प्रयत्न करीत राहिल्या. ती लागू पडत नाही. ते त्यांच्या लक्षात आले तेव्हा निम्मा वेळ सरत आला होता.

दुसरा प्रश्न गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळांवरून गोदामाला किमान किती धक्के लागतील हे काढण्याचा होता. तो त्यांच्या कामातला होता आणि त्यांची मांडणी उत्तम होती. मात्र एक गाडी दहाला निघाली आणि दुसरी दहालाच आली तर एक धक्का पुरतो की दोन लागतात, या ठिकाणी तुलना चुकली होती. ती चूक त्यांच्या ध्यानात आली. दोन जागी दुरुस्ती करायची होती, एका जागी झाली, आणि दुसऱ्या जागेच्या ओळीत कर्सर असताना वेळ संपली. नोंदीतली ती ओळ अर्धवट आहे. या प्रश्नाचे त्यांना साठ गुण मिळाले.

मधल्या काळात तीन वेळा "खिडकी सोडली" अशी नोंद झाली होती आणि एचआरच्या यादीत त्यांच्या नावापुढे संशयाची खूण होती. त्या वेळा जुळवून पाहिल्यावर तिन्ही नोंदी तिसऱ्या प्रश्नाच्या वेळच्या निघाल्या. बाईंना विचारता त्यांनी सांगितले की, करांची बेरीज पडताळण्यासाठी त्यांनी कॅल्क्युलेटर उघडला होता. हिशेबाच्या प्रणालीत काम करणाऱ्या माणसाने आकडा पडताळून पाहणे संशयास्पद ठरावे, याला काय म्हणावे!

आता रेषेकडे वळतो, कारण माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तेथे आहे. दोनशे दहा हा आकडा कोठून आला, असे विचारल्यावर प्रथम कोणालाच सांगता येईना. जुने ईमेल काढल्यावर उलगडा झाला. मुलाखती घेऊ शकणारे ज्येष्ठ प्रोग्रामर तीन होते, प्रत्येकाला आठवड्यातून दोन मुलाखतींपुरता वेळ होता आणि मालकांनी तीन आठवड्यांची मुदत घातली होती. म्हणजे अठरा मुलाखती. गुणानुक्रमे अठराव्या उमेदवाराला दोनशे दहा गुण होते. रेषा ओढली गेली ती मुलाखतकारांच्या रिकाम्या तासांवरून. कामासाठी किती कौशल्य पुरेसे आहे, याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. असे करण्यात लबाडी नाही, गर्दी कमी करावीच लागते. पण महिन्याभरात त्याच आकड्याला कार्यालयात निराळा अर्थ चिकटला होता आणि "दोनशे दहाच्या खालचा माणूस आपल्याकडे टिकायचा नाही" असे वाक्य मी तेथे दोन वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकले.

हे वाक्य खरे की खोटे, हे ठरवण्याचा कोणताही मार्ग कंपनीने स्वतःसाठी शिल्लक ठेवलेला नव्हता. आधीच्या भरत्यांत रेषेच्या वरचे जे लोक घेतले ते बरे निघाले, म्हणून चाचणी चांगली, असा त्यांचा युक्तिवाद होता. रेषेखालच्या एकालाही त्यांनी कधी कामावर घेतलेले नव्हते, मुलाखतीलाही बोलावलेले नव्हते. मग ते कसे निघाले असते हे कळणार कसे?

निवडीच्या मोजमापाच्या शास्त्रात ही अडचण जुनी आहे. १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणाऱ्या चाचण्यांना पुढील कामगिरीशी ०.५४ इतका सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच मेळ नाही, एक म्हणजे पूर्ण मेळ) दिला होता आणि तो आकडा पुढे वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिला. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्यातली एक मेख दाखवली : निवड झालेल्यांचाच अभ्यास होत असल्यामुळे येणारी त्रुटी भरून काढण्यासाठी आधीच्या संशोधकांनी केलेल्या दुरुस्त्या बऱ्याच ठिकाणी प्रमाणाबाहेर होत्या. नव्या हिशेबात कामाच्या नमुन्याचा आकडा ०.३३ वर आला आणि आधी ठरवलेल्या प्रश्नांनी घेतलेली रचनाबद्ध मुलाखत ०.४२ घेऊन सर्वांच्या वर गेली. तज्ज्ञांचे आकडे इतके हलतात, तेथे एका पोर्टलच्या दोनशे आणि दोनशे दहा यांतल्या फरकावर किती भार टाकावा, हे वाचकांनीच ठरवावे.

घड्याळाविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी अठ्ठेचाळीस विद्यार्थ्यांना एक प्रोग्रामिंगचा प्रश्न दिला. काहींनी तो परीक्षकासमोर फळ्यावर मोठ्याने बोलत सोडवला, काहींनी खोलीत एकट्याने. परीक्षकासमोर सोडवणाऱ्यांची कामगिरी निम्म्याहून अधिक घटली. तो प्रयोग पाहणाऱ्या डोळ्यांचा होता, मिनिटांचा नव्हता, त्यामुळे त्याचा निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावता येणार नाही; तरी वेबकॅम, खिडकीची नोंद आणि कोपऱ्यात उलटा धावणारा टायमर या तिन्हींचा एकत्रित परिणाम शून्य असेल, असे मानायला मन धजत नाही. याउलट, वेगाने बरोबर ठरलेले उत्तर खरोखर बरोबर असतेच असेही नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या अधिकृत लायब्ररीतील बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेली यादी निम्मी निम्मी करत शोधण्याच्या रीतीत, दोन स्थानांची बेरीज करून निम्मी करताना बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जाण्याची चूक सुमारे नऊ वर्षे दडून होती आणि ती २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केली. तेथे घाई नव्हती, वाचणारे असंख्य होते, आणि तरीही ती सुटली.

अशा चाचण्यांचा मूळ हेतू पाहिला तर तो बराच साधा होता. २००७ मध्ये इम्रान घोरी यांनी फिझबझ हा प्रश्न पुढे आणला : एक ते शंभर आकडे छापा, तीनच्या पटीत एक शब्द, पाचच्या पटीत दुसरा, दोन्हींच्या पटीत दोन्ही. ज्याला लूपच, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करवणारा कोड, लिहिता येत नाही असा अर्जदार वेळीच ओळखता यावा, एवढीच त्याची अपेक्षा. ती चाळणी होती. चाळणीतून दाणा खाली पडला की तिचे काम संपते. कोणता दाणा किती वेगाने पडला याची क्रमवारी कोणी लावत नाही. मुंबई-बंगळुरूच्या मोठ्या कंपन्यांना हजारोंच्या भरतीत क्रमवारी लागते आणि त्यांचे पाहून दोन जागा भरणारी इंदूरची कंपनीही तीच लावू लागली, असे मला दिसले.

मी सुचवलेला उपाय असा होता की रेषेच्या वरचे सहा आणि दीडशे ते दोनशे दहा यांमधले सहा, असे बारा जण एकाच कामाला बसवावेत आणि पॅनेलला कोणाचे गुण किती हे सांगू नये. मालकांना ते पटवणे सोपे गेले नाही.

"अहो, नापास झालेल्यांवर पुन्हा वेळ घालवायचा, म्हणजे ज्येष्ठ लोकांचे दोन दिवस गेले," ते म्हणाले.

"सर, ते नापास झालेत हे आपल्याला कोणी सांगितलं? आपल्याकडे तास कमी होते म्हणून आपण तिथे थांबलो," तंत्र-प्रमुख म्हणाल्या. मालक थोडा वेळ गप्प राहिले आणि एकच दिवस देण्यावर तडजोड झाली.

काम खरे होते. कंपनीच्या बिलिंग प्रणालीची जुनी प्रत दिली. तिच्यात माल परत आल्यावर निघणाऱ्या क्रेडिट नोटमधला कर मूळ बिलाशी एका पैशाने जुळत नसे. तो दोष शोधून दुरुस्त करायचा आणि तो पुन्हा येऊ नये म्हणून एक टेस्ट लिहायची. वेळ दोन तास, लॅपटॉप स्वतःचा, इंटरनेट आणि एआय सहायक दोन्हींना मुभा, कारण नोकरीत ती असतेच. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर चालत्या बेरजेसारखा प्रश्न कोणताही सहायक क्षणात सोडवून देतो, त्यामुळे बंदी घालून काय साधते, हा प्रश्नही होता. नंतर अर्धा तास दोन परीक्षकांनी आधी लिहून ठेवलेल्या निकषांवर उमेदवाराशी त्याच्याच कोडविषयी बोलायचे.

निकाल सरळ रेषेत आला नाही. सर्वाधिक गुणांचा तो तरुण येथे दुसरा आला. दोष शोधायला त्याला वेळ लागला, पण त्याने लिहिलेली टेस्ट सर्वांत नेटकी होती, आणि घोकंपट्टीवाला म्हणून त्याला मोडीत काढू पाहणाऱ्या एका परीक्षकाला आपले मत बदलावे लागले. वरच्या सहांपैकी दोघांना दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमध्ये सुरुवात कोठून करायची हेच उमगले नाही. खालच्या सहांपैकी तिघे साधारण होते, एकाने अर्ध्यावर सोडून दिले, आणि दोघांचे काम निःसंशय चांगले होते. त्या दोघांपैकी एक तक्रारदार बाई होत्या. त्यांनी वीस मिनिटांत दोष गाठला. कर पुन्हा मोजला जात होता; मूळ बिलावरचा कर उचलून उलटवायला हवा होता. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतले साधे पूर्णांकन अडीचचे तीन न करता दोन करते, त्यामुळे पैशांचा हिशेब दशांशाच्या वेगळ्या प्रकारात ठेवावा, हेही त्यांनी विचारण्याआधी दाखवून दिले. मुलाखतीत त्या मध्येच हिंदीत गेल्या, "माफ करा सर, हिशेबाचं बोलताना माझं हिंदीच सुरू होतं," म्हणाल्या, आणि परीक्षकही हिंदीतच पुढे बोलू लागले.

बारा माणसांवरून सिद्धान्त मांडता येत नाही आणि मी तो मांडत नाही. एवढे मात्र दिसले की दोनशे दहाच्या दोन्ही बाजूंना चांगली माणसे होती आणि दोन्ही बाजूंना नव्हती.

तक्रारदार बाईंना नोकरीचा प्रस्ताव गेला तेव्हा त्यांनी दुसरीकडे होकार कळवून टाकलेला होता. चाचणी, दुरुस्ती, चर्चा आणि हा प्रयोग यांत पाच आठवडे गेले होते आणि घर चालवणारा माणूस इतके थांबत नाही. एक जागा त्या तरुणाला आणि दुसरी खालच्या गटातल्या दुसऱ्या चांगल्या उमेदवाराला मिळाली.

त्यानंतर कंपनीने अनुभवी लोकांच्या भरतीची चाचणी बदलली. चालत्या बेरजेचा प्रश्न काढला, उरलेले प्रश्न सोपे करून वेळ तीन तासांची केली, ती शनिवार-रविवारी कधीही द्यावी अशी मुभा ठेवली, आणि कॅल्क्युलेटर पानावरच दिला. प्रत्येक प्रश्नाची अपेक्षित उत्तरे आता हिशेब खात्यातला एक माणूस तपासतो. दोन प्रश्न बरोबर आले की उमेदवार पुढे, क्रमवारी नाही. पुढे गेलेले मुलाखतींच्या तासांपेक्षा जास्त असतील तर काय करायचे, यावर मात्र एकमत झालेले नाही. तंत्र-प्रमुखांचे म्हणणे आहे की चिठ्ठ्या टाकाव्यात, मालक म्हणतात, "चिठ्ठ्या टाकून माणसे घेतो असे बाहेर कळले तर लोक हसतील." सध्या दोघांपैकी कोणीतरी अर्ज वाचून निवडतो, ही रीत मला चिठ्ठ्यांपेक्षा वाईट वाटते, कारण तिथे पुण्याच्या मोठ्या कंपनीचे नाव दिसले की अर्ज आपोआप वर सरकतो. महाविद्यालयांतून होणाऱ्या भरतीत एका सकाळी शेकडो मुले बसतात, म्हणून तेथे नव्वद मिनिटांची जुनी चाचणी तशीच ठेवली आहे. फरक इतकाच की यंदापासून रेषेखालच्या पाच जणांना दरवेळी कामाच्या दिवसाला बोलवायचे आणि कोण कसे निघाले याची नोंद वहीत ठेवायची, असे ठरले आहे.